मालकाची संमती

सोमवारी सकाळी साडेनऊला ताईने लॅपटॉप उघडला. त्याने तिचं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, मुकाट आत घेतलं. पण 'आठ' सुरू करायला गेली तर पडद्यावर एक करडी चौकट आली. या प्रोग्रॅमचा कर्ता ओळखीचा नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. आपल्या सुरक्षेसाठी हा प्रोग्रॅम बंद करण्यात आला आहे. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. 'ठीक नाही' म्हणायची सोय कुणी ठेवलेलीच नव्हती.

ताईला आधी हसूच आलं. कर्ता ओळखीचा नाही? त्या कर्त्याचं नाक तिने पुसलं होतं, त्याच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, त्याच्या नापासाच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मिळवून दिली होती. तिचा धाकटा भाऊ तो. तेहतीस वर्षांचा झाला, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत साहेब झाला, तरी घरात छोट्याच. या लॅपटॉपच्या आत जी काही यंत्रणा चालते ती त्याच कंपनीची. म्हणजे कंपनी आपल्याच माणसाला ओळखत नव्हती. काहीतरी घोळ झाला असणार, छोट्याला सांगितलं की पाच मिनिटांत होईल, असं म्हणत तिने चहा ठेवला.

'आठ' हे नाव बोटांवरून पडलेलं. ताई अकरा वर्षांची असताना वडिलांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नेली. राहिली आठ. त्याचं तिने कधी भांडवल केलं नाही. कुणी कीव करायला लागलं तर ती सरळ विषय बदलायची. आणि पोट भरायला तिने निवडलं काय, तर टायपिंग. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांबरोबर ती दवाखान्यात, बँकेत, कचेरीत जायची. शेजारी बसून समोरचा जे बोलेल ते बोलता बोलता टाइप करायची, आणि लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या पडद्यावर ते त्या माणसाला वाचता यायचं. सुरुवातीला हे काम तिला झेपत नव्हतं. समोरचा तिसऱ्या वाक्यावर आणि ही पहिल्यातच अडकलेली.

तेव्हा छोट्या एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजच्या सुट्टीत तो दोन महिने वही घेऊन तिच्या शेजारी बसला. कोणतं बोट कुठपर्यंत पोचतं, कुठे कळ येते, करंगळीत जोर किती, सगळं लिहून काढलं. तिची बोटं एकेक करून उचलायची, बटणांवर ठेवायची, पुन्हा उचलायची. त्यातून त्याने 'आठ' लिहिला. दोन-तीन बटणांची जोडी एकदम दाबली की अख्खा शब्द उमटायचा. मग चौदा वर्षांत ताईने स्वतः त्यात भर घातली. डॉक्टरांचे शब्द, वकिलांचे शब्द, कारखान्यातल्या हत्यारांची नावं, मिळून तीन हजारांवर जोड्या झाल्या. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. त्या लॅपटॉपमध्ये होत्या आणि तिच्या बोटांत होत्या. माणूस कितीही भरभर बोलला तरी ताईचं वाक्य त्याच्या तोंडाबरोबर संपायचं.

चहा पिऊन तिने फोन लावला. छोट्या म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. दुपारी लावला, तेव्हा म्हणाला, बघतो, दोन दिवस दे. ताई म्हणाली, दोन दिवस कुठले, गुरुवारी टर्नरकाकांची चौकशी आहे. त्यावर तो पुन्हा म्हणाला, बघतो.

हे टर्नरकाका तीस वर्षं लेथवर उभे होते, आणि त्या यंत्राच्या आवाजानेच त्यांचे कान गेले होते. त्यांच्या लेथचं लोखंडी झाकण काढलेलं होतं म्हणून एका कामगाराच्या हाताला इजा झाली. कारखान्याचं म्हणणं, झाकण काकांनी काढलं. काकांचं म्हणणं, ते आधीपासूनच नव्हतं, मी तक्रार केली होती. दोष सिद्ध झाला तर निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना नोकरी जाणार होती. कारखान्याने आपला कारकून टाइप करायला देऊ केला होता. काकांनी लिहून कळवलं, मला ताईच हव्यात, त्या गाळत नाहीत. हे पत्र त्यांनी ताईला दाखवलं तेव्हा तिला मनातून फार बरं वाटलं होतं.

मंगळवारी छोट्याचा फोन आला नाही. ताई लॅपटॉप पिशवीत घालून शिंप्याच्या शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की दुरुस्तीवालीला खुर्ची भिंतीला लावावी लागायची. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने हळुवार. तिने लॅपटॉप चालू केला, दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, हा लॅपटॉप तुमचा नाहीये."

"असं कसं? पै पै साठवून घेतलाय मी. पावती आहे घरी."

"पावती असू दे. याच्या लेखी मालक दुसरंच कोणीतरी आहे. तुम्ही याच्यात पाहुण्या आहात."

पडद्यावर 'मालक' या शब्दापुढे छोट्याचा ई-मेल होता. ताईला तो दिवस आठवला. नवाकोरा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि पडद्यावर सगळ्यात आधी प्रश्न आला होता, याचा मालक कोण. छोट्याने तिच्याकडे पाहिलं होतं. तीच म्हणाली होती, तुझंच घाल रे, मला काय कळतंय त्यातलं. म्हणताना केवढा अभिमान वाटला होता तिला. त्यांच्या घरात भिंतीतल्या प्लगला जे जोडायचं ते छोट्याचं खातं, असंच ठरून गेलेलं होतं. फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांच्या कागदांवर त्याचं नाव होतं आणि कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फ्रिज मात्र कधी आतलं दूध घ्यायला कुणाची संमती मागत नाही.

दुरुस्तीवालीने समजावून सांगितलं. नवं अपडेट आलंय. त्याच्यामागे यादी असते, यादीतला प्रोग्रॅम चालत नाही. मागचं अपडेट परत घालता येत नाही, दुसरा प्रोग्रॅम लिहून घालायचा म्हटलं तर तेही कुलूपबंद. आतल्या तीन हजार जोड्या दुसरीकडे काढून घ्यायच्या तरी मालकाचा कोड लागेल. कोड मिळाला तर दोन मिनिटांचं काम. नाहीतर मूळ प्रोग्रॅमची प्रत आणा, माझ्याकडे एक जुनं मशीन पडलंय, ते कुणाचं ऐकत नाही, त्यावर चालवून देते. जोड्या मात्र पुन्हा घालाव्या लागतील.

"पण हे अपडेट आपोआप आलं ना?" ताईने विचारलं. "रात्रीबेरात्री येतात तशी?"

दुरुस्तीवालीने पडदा तिच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं, मालकाची संमती मिळाली, रविवार, दुपारी एक चाळीस.

रविवारी दुपारी एक चाळीसला छोट्या ताईच्या घरी होता. पोटभर जेवला होता. ताई ताटं विसळत होती आणि तो बाहेरून म्हणाला होता, ताई, तुझा लॅपटॉप फार मंद झालाय, जरा साफ करून ठेवतो. ती आतूनच म्हणाली होती, बरं झालं बाबा, आठवण ठेवलीस. तिने दुकानातल्या स्टुलावर बसून घेतलं, आणि दुरुस्तीवालीने न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली.

तरी मन वेडंच. घरी येईपर्यंत ताईने भावासाठी तीन सबबी तयार केल्या होत्या. त्याला माहीत नसेल. घाईत दाबलं गेलं असेल. वरून हुकूम असेल, बिचारा काय करणार. लहानपणापासूनची सवय ती, छोट्याने काही केलं की आधी ताईने त्याची बाजू मांडायची. या वेळी मांडायला समोर कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःलाच सांगत राहिली.

बुधवारी ती त्याच्या ऑफिसात गेली. दारातल्या मुलीने तिचा फोटो काढला आणि गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेली पट्टी अडकवली. दोन दिवसांत दुसऱ्यांदा पाहुणी झाल्याचं ताईच्या लक्षात आलं, पण हसू आलं नाही. छोट्या खाली आला, तिला बघून चपापला, आणि काचेच्या एका खोलीत घेऊन गेला. तिथे सहा खुर्च्या होत्या. तो तिच्या शेजारी न बसता टेबलाच्या पलीकडे बसला.

बोलायला त्याने सुरुवात लांबून केली. बाहेर किती फसवाफसवी चालते, म्हाताऱ्या माणसांची खाती कशी रिकामी होतात, कुणीही उठून प्रोग्रॅम लिहितो आणि लोक डोळे झाकून चालवतात. म्हणून कंपनीने ठरवलं, ज्याने नोंदणी केलेली नाही त्याचा प्रोग्रॅम चालू द्यायचा नाही. त्यातही कर्मचाऱ्यांच्या नावावर असलेली सगळी मशिनं महिनाअखेरपर्यंत स्वच्छ हवीत. ताईने ते सगळं ऐकून घेतलं. त्यात चूक काढण्यासारखं काही तिला सापडत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"यादी कोणी केली?" तिने विचारलं.

"एक गट असतो त्यासाठी."

"त्या गटात कोण आहे?"

छोट्या टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी प्रमुख आहे, ताई."

"म्हणजे 'आठ' चुकून नाही गेला यादीत."

"मीच घातला. सगळ्यात पहिला. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बंद करायचे आणि स्वतःचा चालू ठेवायचा, कसं दिसतं ते? पुढच्या महिन्यात माझं वरच्या जागेचं ठरायचंय. कुणीतरी बोट दाखवलं असतं."

मग तिने हिशेबी माणसासारखं, आवाज न चढवता, एकेक मागितलं. आधी कोड मागितला, फक्त गुरुवारपुरता. तो म्हणाला, कोड घातला की माझ्या नावावर नोंद होते, अमुक प्रोग्रॅमला परवानगी दिली म्हणून. मग तिने मूळ प्रत मागितली. तो म्हणाला, आमच्याकडे खासगी प्रोग्रॅम ठेवत नाही असं लिहून द्यावं लागतं, म्हणून ती मी मागच्या महिन्यातच काढून टाकली. म्हणजे जगात 'आठ' उरला होता तो फक्त ताईच्या लॅपटॉपात, कुलपाआड.

"रविवारी माझ्या घरी जेवलास," ताई म्हणाली. "तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

हे तो इतक्या सरळपणे बोलला की ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही खोटं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की हे पुरेसं कारण आहे.

मग छोट्याने तिची समजूत घालायला कंपनीचाच एक प्रोग्रॅम काढून दाखवला. खास हाताचा त्रास असलेल्यांसाठी केलेला, नोंदणी झालेला. पहिल्याच पानावर प्रश्न होता, तुम्ही कोणता हात वापरता. उत्तरं दोनच, डावा किंवा उजवा. ताईने डाव्यावर बोट ठेवलं तर उजवा गेला, उजव्यावर ठेवलं तर त्याने पाचही बोटं गृहीत धरली. एक अख्खा आणि एक तीन बोटांचा, असा हात कंपनीच्या कुणाच्या डोक्यात आलेला नव्हता. आणि ज्याच्या डोक्यात तो एके काळी पाठ होता तो समोर बसून म्हणत होता, "ताई, सवय होईल तुला. तू समजून घेशील असं वाटलं मला."

तिने गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि निघाली.

टर्नरकाकांना तिने त्याच संध्याकाळी गाठलं आणि कागदावर लिहून सगळं सांगितलं. तारीख पुढे मागून घ्या, असंही लिहिलं. त्यांनी मागितली होती, आधीच दोनदा. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. त्यांनी कागद उलटा करून मागे लिहिलं, तुम्ही बसा, हळू झालं तरी चालेल, मी तुमच्या भरवशावर आहे. ताईने ते वाचलं आणि त्या भरवशाची तिला पहिल्यांदा भीती वाटली.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे चौकशी अधिकारी आणि कारखान्याचे दोघं, अलीकडे काका आणि ताई. ताईने साध्या पद्धतीने, एकेक बटण दाबत टाइप करायला सुरुवात केली. अधिकाऱ्याला तिने आधीच विनंती केली होती, जरा सावकाश बोला. तो दोन वाक्यं सावकाश बोलला आणि मग आपल्या चालीवर गेला. ताई एका वाक्याने मागे पडली. मग दोन वाक्यांनी. कपाळावरचा घाम पुसायलाही बोट मोकळं नव्हतं. चौदा वर्षांची सवय जाते कुठे, बोटं आपली दोन-तीन बटणं एकदम दाबायची आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटायचं, ते खोडण्यात आणखी वेळ जायचा.

अधिकाऱ्याने विचारलं, त्या दिवशी लेथ तुमच्या ताब्यात होता का. मग विचारलं, झाकण काढलेलं आहे हे तुम्हाला माहीत होतं का. मग विचारलं, ते तुम्ही काढलंत का. आणि थांबला. नेमका त्याच वेळी पहिला प्रश्न काकांसमोरच्या पडद्यावर पुरा झाला. काकांनी तो नीट वाचला, मान वर केली आणि ठाम आवाजात म्हणाले, "हो."

कारखान्याच्या माणसाने ते लिहून घेतलं.

ताई उभी राहिली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज खोलीभर गेला. ते उत्तर पहिल्या प्रश्नाचं आहे, ती म्हणाली, मी मागे आहे, त्यांचा दोष नाही. मग अर्धा तास त्यावरच गेला. काका एकदा ताईकडे, एकदा पडद्याकडे बघत होते, आणि खोलीत आपल्याबद्दल काय चाललंय ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, कारण सांगणारी स्वतः भांडत होती. शेवटी अधिकाऱ्याने ते 'हो' खोडलं. पुढची तारीख दिली. आणि शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी टाइप करायला कारखान्याचा कारकून बसेल, कारण या बाईंकडून चुका होतात.

बाहेर व्हरांड्यात ताईने हे सगळं कागदावर लिहून काकांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत." आणि जिना उतरून गेले.

त्या रात्री ताईने छोट्याला, तू केलेला 'आठ' बंद होता इथपासून, जे घडलं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. खाली एक शब्दही आपला घातला नाही. त्याने वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

शुक्रवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात छोट्या. ऑफिसातून मधूनच उठून आलेला, डोळे तारवटलेले. ताईचं काळीज लगेच विरघळलं. तिचं तिलाच नवल वाटलं, पण खरं सांगायचं तर तिला फार, फार आनंद झाला. झोपला नसेल रात्रभर, तिच्या मनात आलं. वाचलं आणि राहवलं नाही त्याला. शेवटी आपलाच भाऊ.

"ये," ती म्हणाली, "चहा टाकते."

"आधी लॅपटॉप दे."

तिने लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. तो बसला, आणि त्याने मालकाचा कोड घातला. करडी चौकट गेली. कोपऱ्यातलं 'आठ'चं चिन्ह पाच दिवसांनी पुन्हा निळं झालं. ताईला हुंदका आला आणि हसूही आलं. अजून तारीख हातात आहे, मी स्वतः अधिकाऱ्याला भेटून सांगेन, आता पुन्हा बसू द्या म्हणून, असं ती भराभर बोलायला लागली. बोलता बोलता वाकून तिने बटणांवर बोटं ठेवली आणि एक जोडी दाबून पाहिली. 'टर्नर' असा अख्खा शब्द उमटला.

"थांब ताई," छोट्या म्हणाला. "दाबू नकोस काही. त्या दुरुस्तीच्या दुकानात यातलं काही काढून तर ठेवलं नाहीस ना?"

"नाही. कोडच नव्हता ना. का रे?"

"तुझा निरोप ऑफिसच्या फोनवर आला. लिहिलंयस त्यात, तू केलेला 'आठ' म्हणून. उद्या कुणी तपासलं तर माझ्या नावावरच्या मशीनमध्ये तो सापडता कामा नये. नुसता बंद असून भागणार नाही, काढूनच टाकावा लागेल. त्यासाठीच आलोय."

ताईला कळायला थोडा वेळ लागला. कुलूप त्याने तिच्यासाठी उघडलेलं नव्हतं.

"आणि माझ्या जोड्या?"

"त्या त्याच्याबरोबर जातील."

पडद्यावर नवी चौकट आली होती. कायमचं काढून टाकायचं का? मालकाची संमती आवश्यक. ताईचा उजवा हात अजून बटणांवरच होता, तीन बोटं आपापल्या जागी.

"ताई, हात काढ."

तिने काढला नाही. छोट्याने क्षणभर वाट पाहिली, आणि मग तिची बोटं एकेक करून उचलली. आधी करंगळी, मग अंगठा, मग तर्जनी. अगदी अलगद, कुठे दुखतं ते त्याला अजून पाठ होतं. हात त्याने टेबलावर बाजूला ठेवला आणि बटण दाबलं.